एकदा तरी आत घ्यावा

मुजावरभाई,

तुमच्या मरणाची बातमी आली तेव्हा मी काय बोलले, हे तुम्हाला सांगायलाच हवं. ऐकून तुम्ही पोट धरून हसला असतात. शिपाई मला साहेबांच्या खोलीत फोनवर बोलवायला आला. पलीकडे तुमचा मेव्हणा होता. ‘ताई, भाई गेले,’ म्हणाला. मी म्हटलं, ‘कुठं गेले? इकडं तर अजून आले नाहीत. जरा त्यांनाच द्या की फोन.’ तो मग पुन्हा म्हणाला, ‘भाई गेले, ताई.’ आणि मी पुन्हा, ‘हो, पण त्यांना द्या ना.’ शेवटी साहेबांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

या गोष्टीला आज तेरा दिवस झाले. रडू यायचं ते कालपर्यंत आलंच नाही. फक्त कुणीतरी फोन तुमच्या हातात देईल, असं अजून वाटतं.

दीड वाजता तुम्ही माझ्याशी भांडून जेवायला गेला होतात. घरी जाऊन हात धुतलेत, बसलात आणि तिथेच कलंडलात. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. दीड वाजता जो माणूस ‘माझ्या जुन्या टेपला हात लावू नको’ म्हणून दम भरतो, तो तीन वाजता नसतो, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. पंधरा वर्षं तुम्ही मला शिकवलंत की प्रत्येक गोष्टीला कारण असतं, कार्ड उलटं गेलं असेल, नाहीतर स्वल्पविराम सुटला असेल. मग शोधा की हेही. छाती दुखत होती का? आदल्या दिवशी जिना चढताना तुम्ही मध्येच थांबला होतात, ते काय होतं? मी पाहिलं होतं आणि विचारलं नव्हतं.

मी इथे आले तेव्हा मला टायपिंग येत होतं, बाकी काही नाही. आपली संस्था, तिची तालुक्यातालुक्यातली तांत्रिक विद्यालयं, आणि त्या सगळ्यांचे निकाल लावणारं हे चार कपाटांएवढं गणकयंत्र. मी कार्डांवर भोकं पाडायला बसलेली मुलगी आणि तुम्ही प्रोग्रॅम लिहिणारे. तुमचे वडील मोहल्ल्यात कल्हई करायचे. ‘भांडं भाईरनं कितीबी घासा, कल्हई आतनंच लावाय लागती,’ हे तुमचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी शेवटी तुम्ही ‘भांडं’ म्हटलंत की उरलेलं मीच पुरं करायची. तुम्ही चिडायचात. पण मला भोकं पाडण्यातून उठवून प्रोग्रॅम लिहायला बसवलंत ते तुम्हीच. बाईमाणसाला हे जमेल का, असं साहेबांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘मला जमलं की साहेब, मग तिला का न्हाय जमणार?’

फोरट्रान या यंत्राच्या भाषेतला फेरा तुम्ही मला कसा शिकवलात, ते आठवतं? तेच काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर यंत्राला सांगायचं, एवढे फेरे घाल. मी विचारलं, फेऱ्यांची संख्या शून्य निघाली तर? तर एकही फेरा घालणार नाही ना? तुम्ही पेन्सिल ठेवलीत आणि म्हणालात, ‘न्हाय. एकदा तरी घालणार. ही आपली कोल्हापूरची भाषा हाय बघ. पावणा आला की आदी आत घ्यायचा, पाणी द्यायचं, आणि मग इचारायचं, पावणं, काम काय काढलंसा? काम नसलं तर जावा म्हणायचं. पण ते जाताना. दारात न्हाय.’

आणि खरंच होतं ते. आपल्या जुन्या फोरट्रानचा स्वभावच तसा. मोजणी शेवटी करायची, म्हणून एक फेरा व्हायचाच. मला वाटलं, काय गमतीदार पद्धत आहे शिकवायची. हा माणूस त्या स्वभावावर भिस्त ठेवून निकालाचे प्रोग्रॅम लिहितो, हे मला कळलं नाही.

मग गेल्या पावसाळ्यात कंपनीचं पत्र आलं. फोरट्रानची नवी आवृत्ती आली आहे, सत्त्याहत्तरची. जुन्या आवृत्तीला यापुढे आमचा आधार मिळणार नाही, अडचण आली तर आमचा माणूस येणार नाही. तुम्ही ते पत्र दोनदा वाचलंत. ‘आधार न्हाय म्हंजे? मी काय काठी मागितलीया व्हय ह्यांच्याकडं?’ सगळं ऑफिस हसलं. पण तुम्ही हसत नव्हतात.

कंपनीचा माणूस नवी आवृत्ती भरलेल्या टेपा घेऊन आला तेव्हा त्यानेच सांगितलं, नव्या आवृत्तीत फेरा सुरू होण्याआधीच मोजणी तपासली जाते. शून्य असेल तर यंत्र आत शिरतच नाही. मी म्हटलं, हेच बरोबर आहे. तुम्ही म्हणालात, ‘म्हंजे दारातनं परत? जगात माणसं हायत का यंत्रं?’ तो बिचारा पुण्याचा. म्हणाला, ‘यंत्रंच आहेत, साहेब.’

तेव्हापासून आपलं जुंपलं. जुने प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर आणायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. तुम्हाला ते लागलं. तुम्ही म्हणत होतात, एकेक कार्ड दोघांनी मिळून बघू, घाई करू नको. मी म्हणत होते, पुढचा निकाल तोंडावर आलाय. तुम्ही म्हणायचात, ‘चालू हाय ते कशाला मोडतीस?’ मी म्हणायचे, चालू आहे म्हणून जिवंत आहे असं नाही. भाई, माझं म्हणणं चूक नव्हतं. अजूनही नाही. उद्या यंत्र बंद पडलं असतं तर तुमच्या जुन्या टेपेला दुरुस्त करायला कोण आलं असतं? तुम्ही? हे वाक्य मी तुम्हाला तोंडावर ऐकवलं होतं, आणि तुम्ही म्हणाला होतात, ‘मी हाय की.’

आता त्या गुरुवारचं सांगते. तुम्हाला ठाऊकच आहे, पण मला एकदा लिहून काढू द्या. एक वाजता तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. मी नव्या प्रोग्रॅमच्या कार्डांचा गठ्ठा पंच करून संपवला होता. तुम्ही पुन्हा जुन्याची बाजू घेऊन बसलात, टेपला हात लावू नको म्हणून दम भरलात आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, ‘भाई, तुमची भाषा मेली आहे. आता तिला माती द्या आणि मोकळे व्हा.’

तुम्ही रागावला नाहीत. तेच मला सहन होत नाही. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘चालू हाय त्याला माती देत न्हाईत, सुमन.’ आणि मग दारापर्यंत जाऊन वळलात. ‘माझी सी-कार्डं तशीच घेतलीस न्हवं?’

मी म्हटलं, ‘हो.’

‘बरं केलंस. चल मग जेवाय. भाभीनं मटणाचा दालचा केलाय. एकदा तरी चल.’

मी म्हटलं, ‘उद्या.’

त्याच दिवशी संध्याकाळी तुम्हाला माती दिली. बायका कबरस्तानात जात नाहीत, मी रस्त्याच्या कडेला बाकीच्या बायकांबरोबर उभी होते. शेजारची एक बाई म्हणाली, ‘माती द्यायला किती माणूस आलंय बघा.’ मला तिचं तोंड धरावंसं वाटलं.

भाई, मी खोटं बोलले होते. तुमची सी-कार्डं मी घेतली नव्हती.

ज्या कार्डाच्या पहिल्या घरात सी हे अक्षर असतं ते यंत्र वाचतं आणि सोडून देतं. ते माणसांसाठी असतं, शेरा म्हणून. तुमच्या गठ्ठ्यात अशी कार्डं ढीगभर. आणि सगळी मराठीत, इंग्रजी अक्षरं वापरून. ‘इथे जरा दमाने.’ ‘हा पावणा खोडील आहे.’ ‘कल्हई आतून.’ मला वाटलं, म्हाताऱ्याची थट्टा आहे. नव्या गठ्ठ्यात कशाला वाढवा? काढली. फेकलीही नाहीत. आपल्या ऑफिसात जुन्या कार्डांचं जे होतं तेच त्यांचं झालं. मागची कोरी बाजू कामाला येते. कुणी त्यावर निरोप लिहिला, कुणी दुधाचा हिशेब. मी माझ्या पर्समध्ये एक जुडी ठेवली, भाजीच्या यादीसाठी.

सोमवारी साहेब म्हणाले, निकाल थांबवता येणार नाही. मी नवा गठ्ठा नव्या आवृत्तीवर चढवला. प्रिंटर खडखडत निकाल ओकत होता, एकही चूक यंत्राने दाखवली नाही. मी तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मनात म्हटलं, बघा. खरं सांगते, त्या क्षणी मी तुमच्यावर जिंकले होते आणि मला बरं वाटलं होतं. बुधवारी याद्या एसटीने सगळ्या केंद्रांवर गेल्या.

शनिवारी दुपारी गडहिंग्लजचा एक माणूस आला. चाळिशीचा असेल. हातावर भट्टीचे डाग, कपडे मात्र परीटघडीचे. मारुती नाव. खिडकीतून मला म्हणाला, ‘अक्का, माझा निकाल चुकलाय.’

मी रोजचं उत्तर दिलं. यंत्र चुकत नाही.

‘यंत्र चुकत नसंल की. पर मी पेपर लिवलाय. गणिताचा एकच इषय ऱ्हायलाता माझा. पाचव्यांदा बसलोय. नापास करा, व्हय, मागंबी केलासा. पर शून्य? शून्य पडंल एवढा कोरा कागद मी दिलेला न्हाय.’

मी म्हटलं, पुनर्तपासणीचा अर्ज भरा.

तो हलला नाही. ‘फौंड्रीत टर्नरची जागा हाय, अक्का. अठरा वर्सं हेल्पर हाय मी. मालक म्हणाला, सोमवारी सकाळी सर्टिफिकेट दाखव, न्हायतर दुसरा घेतो. अर्ज कवा भरू आणि निकाल कवा येणार?’ मग आत डोकावून म्हणाला, ‘ते भाई कुठं हायत? मागल्या साली त्यांनी मला आत बसवून चा पाजलाता. म्हणालेते, एक इषय ऱ्हायलेला माणूस आमच्याकडनं परत जात न्हाय, ये तू पुन्यांदा. त्यास्नी बोलवा की.’

आणि मला ते वाक्य म्हणावं लागलं. नऊ दिवसांत मी ते एकदाही म्हटलं नव्हतं. घरी नवऱ्याने सगळ्यांना सांगितलं, ऑफिसात साहेबांनी. मी म्हटलं, ‘ते वारले.’

मारुती दोन पावलं मागे सरला. ‘आरं देवा. कवा?’ आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. ‘चांगला माणूस होता,’ म्हणाला. ‘माझं जाऊ द्या मग.’ आणि खरंच जायला निघाला. तुम्हीच उरला नाहीत म्हटल्यावर आता कुणाशी बोलायचं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मी त्याला थांबवलं. निदान आसनक्रमांक लिहून घ्यावा म्हणून पर्समधून एक कार्ड काढलं. मागे लिहिलेलं होतं, कोथिंबीर, लसूण, वांगी. जागा उरली नव्हती म्हणून उलटं केलं. वरच्या कडेला पंचिंग मशीनची ती बारीक अक्षरं होती. आधी सी. मग, ‘एक विषयवाला पावणा. मोजणी शून्य. तरी एकदा आत घ्यावा.’

भाई, मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि नव्या प्रोग्रॅममधला तो फेरा उघडून बघितला.

प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव आणि त्याचा पहिला विषय एका कार्डावर, उरलेले विषय पुढच्या कार्डांवर. मोजणी त्या उरलेल्यांची. ज्याचा एकच विषय, त्याचं उरलेलं शून्य. आणि पहिल्या विषयाचे गुण बेरजेत घ्यायचं काम तुम्ही फेऱ्याच्या आत ठेवलेलं. जुनी भाषा शून्य असलं तरी एकदा आत जायची आणि त्याचे गुण घेऊन यायची. नवी भाषा उंबऱ्यावर मोजणी बघून परत फिरली. मी धावत जाऊन यादी काढली. एक विषय राहिलेले जेवढे, तेवढे सगळे शून्य. बाकी एकाचाही निकाल चुकलेला नाही. मारुतीसारखे सगळे, फक्त तेच, दारातून परत गेले होते. आणि ती थट्टा नव्हती. तुम्ही मला बजावून ठेवलं होतं, तुम्हाला जमत होत्या त्या शब्दांत.

साहेबांकडे गेले. त्यांनी कपाळाला हात लावला. मग दार लावून घेऊन हळूच म्हणाले, ‘हे बघा सुमनताई, मूळ प्रोग्रॅम मुजावरचा. पहिल्यापासून त्यात दोष होता, असं लिहू. गेला बिचारा, आता त्याला कोण काय विचारणार? तुमची नोकरी पुढे आहे.’

मी गप्प बसले. किती वेळ, ते तुम्हालासुद्धा सांगायची लाज वाटते. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मी बघत होते, तो बराच सरकला. माझ्या मनात काय काय येऊन गेलं! असल्या स्वभावावर विसंबून प्रोग्रॅम लिहूच नये, हे मी तुम्हाला शंभरदा म्हटलं होतं. म्हणजे दोष होताच की. जागेवर असतात तर तुम्हीच म्हणाला असतात, ‘घाल माझ्या नावावर, माझं काय जातंय.’ हे आठवलं आणि मला तुमचा भयंकर राग आला. तुमचं काय जातंय? तुमचं नावच तेवढं उरलंय.

मी म्हटलं, ‘साहेब, त्यांनी लिहून ठेवलं होतं. मी ते काढून टाकलं. त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. तसंच लिहा.’ आणि ते कार्ड टेबलावर ठेवलं. साहेबांनी आधी कोथिंबिरीची बाजू वाचली.

मग मी तुमची जुनी टेप काढली. हात लावू नको म्हणाला होतात, लावला. तुमचा जुना गठ्ठा काढला, ज्याच्या कडेवर तुम्ही तिरकी लाल रेघ ओढलेली आहे, कार्डं सांडली तर रेघेवरून लावता यावीत म्हणून. मारुती बाहेर बाकावर बसून होता. यंत्राने तुमची भाषा अशी सहज वाचली की मला क्षणभर तुम्ही कार्ड-रीडरच्या पलीकडे उभे आहात असंच वाटलं. गणितात त्रेपन्न. पास. साहेबांनी सही करून तात्पुरता दाखला त्याच्या हातात दिला. तो कागद बघत उभा राहिला, मग म्हणाला, ‘भाईंनी सांगितलंतं तसंच झालं की वो अक्का.’ बाकीच्यांच्या दुरुस्तीच्या याद्या सोमवारी रवाना झाल्या.

आणि मग मी नवा गठ्ठा दुरुस्त केला. होय, नवाच चालणार आहे. जुनी टेप तशीही फार दिवस टिकायची नाही, भाई, तिच्यावरचं लेपण झडायला लागलंय. मोजणी शून्य असेल तर एक मानावी, असं एक कार्ड फेऱ्याच्या आधी घातलं. आणि त्याच्या वर तुमचं सी-कार्ड. ऑफिसभर फिरून तुमची जेवढी सापडली तेवढी गोळा केली. काही दुधाच्या हिशेबात गेली, ती मिळाली नाहीत. वरून तिरकी लाल रेघ ओढली. माझी जरा वाकडी आली.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण काल मी तुमच्या घरी गेले.

पंधरा वर्षांत मी किती वेळा तुमच्या दारात आले असेन? ईदला, भाभी आजारी असताना, रजेचा अर्ज घ्यायला. आणि प्रत्येक वेळी दारातून परत. ‘घाई आहे, भाई.’ तुम्ही म्हणायचात, ‘एकदा तरी.’ सासूबाईंना चालत नाही असं मी ऑफिसात सांगायची. आमच्या घरात दर रविवारी मटण शिजतं, त्यामुळे शाकाहाराची सबबही मला नव्हती. खरं तर सासूबाईंनी मला कधी विचारलंसुद्धा नाही. तुमच्या घरचं जेवायला मलाच नको वाटत होतं. का, ते मी स्वतःला कधी विचारलं नाही. उंबऱ्यावरच मोजणी करून मागे फिरत राहिले. तुम्हाला हे कळत होतं, भाई. कळत असूनही तुम्ही पंधरा वर्षं विचारत राहिलात आणि एकदाही टोचून बोलला नाहीत.

भाभी दारात आल्या. पांढरा पदर, डोळे कोरडे, माझ्यासारखेच. त्यांनी मला ‘या’ म्हटलं नाही. सवयीने मीच थांबेन आणि जाईन, हे त्यांनाही पाठ होतं. मी चपला काढल्या. त्या बाजूला सरल्या.

आत गेल्यावर त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. मग भाभी म्हणाल्या, ‘त्या दिवशी आले ते हसतच आले. म्हणाले, दोन ताटं वाढ. मी म्हटलं, सुमन येणार म्हणाली व्हय? तर म्हणाले, उद्या म्हणालीया. आजवर घाई हाय म्हणायची, आज पयल्यांदा उद्या म्हणाली. म्हंजे येणार. आजपास्नंच ताट मांडून ठेव, न्हायतर उद्या इसरशील.’

दोन्ही ताटं तशीच राहिली, म्हणाल्या.

मी तिथे रडले, भाई. बारा दिवसांचं एकदम. भाभींनी रडू दिलं. मग उठल्या आणि म्हणाल्या, ‘वांग्याची भाजी हाय नि भाकरी. दुसरं काय केल्यालं न्हाय.’

मी म्हटलं, ‘वाढा.’